परतीची वाट : पेशीची ओळख, जखम आणि कर्करोग

प्रस्तावना

१९५२ साली चार्ल्स ब्रीडिस या संशोधकाने न्यूटच्या पायात कर्करोगजनक रसायने टोचली. न्यूट हा सॅलॅमँडरच्या कुळातला, पालीसारख्या बांध्याचा छोटा उभयचर. अशी रसायने उंदराच्या अंगात गेली की तिथे गाठ धरते, हे तेव्हाही ठाऊक होते. न्यूटमध्येही मोजक्या प्राण्यांना गाठी आल्या. पण अनेकांमध्ये टोचल्या जागी भलतेच घडले : तिथून एक जास्तीचा पाय फुटला. पुढे १९७३ साली जपानमध्ये गोरो एगुची आणि त्यांच्या सहकाऱ्याने न्यूटच्या डोळ्यावर असाच प्रयोग केला. बुबुळाच्या ज्या खालच्या भागातून एरवी कधीच भिंग तयार होत नाही, तिथे कर्करोगजनक रसायन दिल्यावर नवे भिंग तयार झाले.

चिथावणी एकच. एका प्राण्यात तिच्यातून रोग उभा राहतो, दुसऱ्यात अवयव. हे पुस्तक लिहिण्यामागे हेच कोडे आहे.

आपल्याकडे अवयवांची पुन्हा वाढ आणि कर्करोग हे दोन विषय वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले जातात. पहिल्याबद्दल कुतूहलाने बोलायचे, दुसऱ्याबद्दल दबक्या आवाजात. विद्यापीठांतही एक विषय प्राणिशास्त्राकडे गेला आणि दुसरा वैद्यकाकडे. पण पेशीच्या पातळीवर उतरून पाहिले की दोन्हींची सुरुवात एकाच घटनेपासून होते. आपले ठरलेले काम करणारी एखादी पेशी ते काम थांबवते, आपली ओळख सैल करते आणि दुसरे काही होण्याच्या मार्गाला लागते. जखम भरून यायची तर हे घडावेच लागते. कर्करोगातही पुष्कळदा हेच घडलेले असते. फरक पडतो तो पुढे : ती पेशी पुन्हा एका स्थिर ओळखीला पोचते की मध्येच अडकून राहते, यावर. ओळख सोडणे हा पेशीचा गुन्हा नव्हे. घात होतो तो परतीची वाट बंद झाल्यावर. या पुस्तकातील प्रत्येक प्रकरण शेवटी याच एका मुद्द्याकडे येते.

पेशीची ओळख म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. माणसाच्या शरीरात पेशींचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, आणि काही अपवाद सोडले तर प्रत्येक पेशीच्या केंद्रकात जनुकांचा संच तोच असतो. यकृताच्या पेशीकडे डोळ्याच्या भिंगाची जनुके असतात आणि चेतापेशीकडे पचनरसांची. कोणती जनुके उघडी आणि कोणती मिटलेली, यावर पेशीचा प्रकार ठरतो. ही उघडझाप काही नियामक प्रथिने करतात. ती डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि जनुके चालू किंवा बंद करतात. यांतली अनेक प्रथिने स्वतःचे जनुकही चालू ठेवतात, म्हणून एकदा बसलेली घडी सहसा मोडत नाही. त्याखेरीज शेजारच्या पेशी, त्यांच्यामधली जाळी, रक्तातून येणारे संदेश हे सगळे पेशीला तिच्या जागी धरून ठेवतात. म्हणजे ओळख ही पेशीला एकदाच मिळालेली आणि कायमची खिशात पडलेली वस्तू नाही. ती रोज राखावी लागते.

हे कळायला विज्ञानाला बराच काळ लागला. १९५७ साली कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी एक चित्र प्रसिद्ध केले : डोंगरउतारावरून एक गोळा घरंगळत येतो आहे, वाटेत दऱ्या फुटत जातात आणि शेवटी तो एका दरीत जाऊन थांबतो. तो गोळा म्हणजे पेशी. चित्र पाहणाऱ्याची सहजच समजूत होई की गोळा परत वर चढत नाही. पाचच वर्षांत, १९६२ साली, जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक उचलून, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात ठेवले. त्यांतल्या काही अंड्यांतून बेडूकमासे झाले, पुढे पूर्ण वाढलेले बेडूकही झाले. आतड्याच्या पेशीत अख्खा बेडूक घडवण्याची माहिती शाबूत होती. १९८७ साली हॅरॉल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेने मायोडी या एकाच जनुकाच्या जोरावर संयोजी ऊतींच्या पेशींचे रूपांतर स्नायुपेशींत करून दाखवले. २००६ साली क्योटोमध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांतून चार निवडली आणि त्या चौघांच्या बळावर उंदराच्या त्वचेतील पेशींना जवळजवळ भ्रूणावस्थेत नेऊन सोडले. २०१२ सालचे नोबेल पारितोषिक गर्डन आणि यामानाका यांना मिळून दिले गेले.

या यशकथेतला एक तपशील लोकप्रिय लेखनात बहुधा गाळला जातो. यामानाकांच्या चार जनुकांपैकी सी-मिक हे कर्करोगशास्त्राच्या चांगलेच ओळखीचे होते; अनेक गाठींमध्ये ते बेफाम चालू असते. २००७ साली अशा पेशींपासून उंदरांची पुढची पिढी जन्माला आली, तेव्हा त्यांतल्या सुमारे २० टक्के पिल्लांना गाठी झाल्या, कारण सी-मिक पुन्हा जागे झाले होते. तारुण्य देणारे आणि रोग देणारे रसायन एकाच कुपीतून निघाले होते.

पहिल्या भागात मी निसर्गातल्या निष्णात दुरुस्तीकारांची ओळख करून दिली आहे. त्यांतला एक इथे जरा जवळून पाहू. न्यूटच्या डोळ्यातले भिंग काढून टाकले, तर बुबुळाच्या वरच्या काठावरच्या रंगद्रव्याने भरलेल्या काळ्या पेशी हालचाल करू लागतात. आधी त्या आपले रंगकण बाहेर टाकतात. ते कण भक्षक पेशी गिळून टाकतात. फिकट झालेल्या या पेशी विभागू लागतात. बाहुलीच्या काठावर त्यांची एक पोकळ पुरचुंडी बनते. तिच्या मागच्या बाजूच्या पेशी लांब, तंतूसारख्या होतात आणि भिंगाच्या पारदर्शक प्रथिनांनी भरून जातात. काही आठवड्यांत डोळ्यात नवे भिंग बसलेले असते. बुबुळाच्या पेशीने कात टाकली आणि ती भिंगाची पेशी झाली. मग विभाजन थांबले. एगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या न्यूटांचे भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढले. अठराव्या खेपेला आलेले भिंगही कधीच न काढलेल्या भिंगाच्या तोडीचे होते. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. मला यात भिंग पुन्हा येण्याइतकेच महत्त्वाचे वाटते ते वाढ दर वेळी बरोबर जागी थांबणे.

प्रत्येक प्राणी इतक्या दूर जात नाही. अॅक्सोलॉटल या सॅलॅमँडरचा पाय तोडला तर तो हाडा-मांसासकट परत येतो. तुटल्या जागी पेशींचा जो कोंब धरतो, त्यातल्या सगळ्या पेशी सर्वशक्तिमान झालेल्या असतात, अशी समजूत दीर्घकाळ होती. २००९ साली एली तानाका यांच्या गटाने पेशींना चमकणाऱ्या प्रथिनाची खूण लावून दाखवले की स्नायूतून आलेली पेशी पुन्हा स्नायूच घडवते, ती कूर्चा घडवायला जात नाही. पेशी सैल होतात, पण आपले घराणे विसरत नाहीत. आपल्या घरातली पाल शेपटी टाकते तेव्हा नवी शेपटी येते, पण तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेची एक सलग नळी असते. पुनर्जननालाही पायऱ्या आहेत, आणि आपण सस्तन प्राणी त्यांतल्या खालच्या पायरीवर उभे आहोत.

तरीही आपल्या शरीरात ही क्षमता अगदीच नाही असे नाही. दुसरा भाग तिच्याविषयी आहे, आणि पुस्तकाचा कणा ठरलेला प्रयोग याच भागात येतो. मूलपेशी म्हणजे विभागून ऊतीला नव्या पेशी पुरवणाऱ्या पेशी; त्वचेच्या वरच्या थरात त्या एका प्रकारच्या असतात आणि केसांच्या मुळाशी दुसऱ्या प्रकारच्या. निरोगी त्वचेत दोघींचे संसार वेगळे : वरच्या पेशींत केएलएफ-५ हे नियामक प्रथिन असते, केसांच्या मुळाशी सॉक्स-९. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या त्वचेवर जखम करून पाहिले. केसांच्या मुळातल्या पेशी जखमेकडे वर सरकतात, आणि त्या प्रवासात त्यांच्यात दोन्ही प्रथिने एकाच वेळी दिसू लागतात. काही काळ ती पेशी धड केसाची नसते, धड त्वचेची नसते. जखम मिटली की सॉक्स-९ मावळते आणि पेशी त्वचेची होऊन स्थिरावते. मग त्याच गटाने त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी तपासल्या. तिथेही पेशींत तीच दोन प्रथिने एकत्र होती, पण ती मावळत नव्हती. २०१७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. जखमेत जी अवस्था पाहुणी म्हणून येते, ती गाठीत कायमचे ठाण मांडून बसते.

श्वासनलिकेतही असेच उदाहरण मिळाले. तिथल्या तळाच्या मूलपेशी नष्ट केल्या, तर श्लेष्मा वगैरे स्रवणाऱ्या प्रौढ पेशी मागे फिरून स्वतः मूलपेशी होतात. पुरुषोत्तम राव टाटा आणि जयराज राजगोपाल यांनी उंदरांमध्ये २०१३ साली हे दाखवले. म्हणजे आणीबाणीत मागे वळण्याची तरतूद आपल्याही ऊतींमध्ये आहे.

तिसरा भाग वाट चुकण्याविषयी आहे. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली मांडले की गाठ म्हणजे न भरणारी जखम. ते वाक्य आज अधिकच खरे वाटते. स्वादुपिंडाचे उदाहरण घ्या. पचनरस बनवणाऱ्या तिथल्या पेशींना सूज आली की त्या रस बनवणे थांबवतात आणि नलिकेच्या पेशींसारख्या होतात. आपल्याच तिखट रसांनी अवयव जळू नये यासाठी हा बचाव असावा. सूज ओसरली की त्या पुन्हा रस बनवू लागतात. पण त्या पेशीत केरास या जनुकात बिघाड झालेला असेल, तर परतणे अवघड होते. स्वादुपिंडाच्या नलिकांच्या कर्करोगात १०० पैकी ९० हून अधिक रुग्णांमध्ये हा बिघाड सापडतो. मारियानो बार्बासिद यांच्या माद्रिदमधील गटाने २००७ साली दाखवले की प्रौढ उंदरांच्या या पेशींत नुसता बिघाड घडवून कर्करोग होत नाही. सोबत दीर्घकाळची सूज असली की होतो. बिघाड एकटा पुरत नाही, सूजही एकटी पुरत नाही. ओळख सैल झालेली असताना दार बाहेरून बंद झाले, की घात होतो.

अन्ननलिकेत जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले, तर तिचे चपट्या पेशींचे अस्तर जाऊन तिथे आतड्यासारख्या उभट पेशी येतात. या विकाराला १९५० साली त्यावर लिहिणाऱ्या नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकाचे नाव मिळाले. अशा बहुतेक लोकांना कर्करोग होत नाही, हे घाबरलेल्या वाचकाला मी आवर्जून सांगतो. पण धोका वाढतो, म्हणून दुर्बिणीने तपासण्या करत राहाव्या लागतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण तोंडातले आहे. गालाच्या आतले अस्तर मऊ आणि ओलसर असते. तंबाखूची गोळी रोज त्याच जागी दाबून ठेवली की तिथल्या पेशी बाहेरच्या कातडीसारख्या कडक थर धरू लागतात आणि पांढरा चट्टा दिसतो. तो चट्टा म्हणजे रोज होणाऱ्या इजेला पेशींनी दिलेले उत्तर. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, ते १९४१ साली सुरू झाल्यापासून, वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाचा कर्करोग आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध शोधण्याचे काम केले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन गटाने एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या जिल्ह्यांतल्या सुमारे ३६ हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ग्रामस्थांना ती सोडायला प्रवृत्त करण्याचा मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९८६ साली आले : लोकांनी तंबाखू सोडली वा कमी केली, तिथे नवे पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. इजा थांबली की पेशीला ओळख बदलण्याचे कारणही उरत नाही. पुस्तकातली ही सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे.

अर्धवट प्रवास किती धोक्याचा, हे क्योटोमध्ये यासुहिरो यामादा यांच्या गटाने २०१४ साली फार स्पष्टपणे दाखवले. त्यांनी उंदरांच्या शरीरात यामानाकांची चार जनुके थोडे दिवस चालू केली आणि मध्येच बंद केली. मूत्रपिंडात व इतरत्र गाठी आल्या. मूत्रपिंडातल्या गाठी लहान मुलांच्या विल्म्स कर्करोगासारख्या दिसत होत्या. कर्करोगाला जबाबदार धरावे असे जनुकांतले बिघाड त्यांत सापडले नाहीत. जनुकांची उघडझाप मात्र विस्कटली होती. आणि याच गाठींतल्या पेशी भ्रूणावस्थेपर्यंत पूर्ण मागे नेल्यावर त्यांच्यापासून मूत्रपिंडाच्या निरोगी पेशी घडू शकल्या. पेशी जितकी मागे जाईल तितकी धोकादायक, असे सरळ गणित इथे नाही. धोका मध्येच लटकण्यात आहे.

याच लवचिकतेचा वापर कर्करोग उपचारातून निसटायलाही करतो. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाला नेमके लक्ष्य करणारी गोळी काही महिने उत्तम चालते. मग काही रुग्णांत गाठ पुन्हा वाढते, आणि बायोप्सीत ती वेगळ्याच, लहान पेशींच्या कर्करोगाची निघते. ज्या ओळखीवर औषध नेम धरत होते, ती ओळखच पेशीने टाकलेली असते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातही हार्मोन रोखणाऱ्या उपचारानंतर असे घडते. कर्करोगाची लक्षणे सूत्रबद्ध करणाऱ्या डग्लस हानाहान यांनी २०२२ साली आपल्या यादीत या लवचिकतेची भर घातली.

मग परतीची वाट उघडता येते का? शेवटचा भाग या प्रश्नाला दिला आहे, आणि त्याचे एक ठोस उत्तर रक्ताच्या कर्करोगातून आले. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या आजारात पांढऱ्या पेशी वाढीच्या एका टप्प्यावर अडकतात. प्रौढ होत नाहीत, नुसत्या वाढत राहतात. रक्तस्रावाने रुग्ण पाहता पाहता हातचा जाई. शांघायमध्ये वांग झेनयी यांनी जीवनसत्त्व ‘अ’पासून बनणारे रेटिनोइक आम्ल वापरले आणि २४ रुग्णांवरचा अनुभव १९८८ साली प्रसिद्ध केला. या औषधाने पेशी मारल्या नाहीत, त्यांना प्रौढ केले. सूक्ष्मदर्शकाखाली प्रौढ दिसू लागलेल्या त्या पेशींत मूळचा गुणसूत्रांचा बिघाड तसाच होता. बिघाड अंगात असूनही पेशी आपल्या मार्गाला लागली होती. पुढे हार्बिनच्या डॉक्टरांनी सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा, उपयोग दाखवला. आपल्याकडे वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने केवळ त्याच औषधावर रुग्णांना दीर्घकाळ आजारमुक्त ठेवून दाखवले. खर्चाचा विचार करता भारतासाठी हे काम मोलाचे होते. या आजाराच्या कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांपैकी आज दहातले नऊहून अधिक दोन्ही औषधांच्या जोडीने बरे होतात. सगळ्याच कर्करोगांत हे साधेल, असे मी म्हणत नाही. घट्ट गाठींत असे यश अजून मिळालेले नाही. पण एका आजारात ते मिळाले, एवढ्यानेच कर्करोगाकडे पाहण्याची एक नवी दिशा पक्की झाली आहे.

मराठी वाचकासाठी हा विषय परका नाही. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शेजाऱ्यांपासून तोडून बशीत वाढवलेली पेशी आपले मूळचे काम किती लवकर सोडते, हे अशा प्रयोगशाळेत रोज दिसते. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आज देशभरच्या संशोधकांना पेशींचे वाण पुरवते, आणि त्याच शहरातल्या आघारकर संशोधन संस्थेत, तुकडे केले तरी पुन्हा अख्खा होणाऱ्या हायड्रावर दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. हे काम आपल्या गावात झाले आणि त्याविषयी आपल्या भाषेत फारच थोडे लिहिले गेले, ही खंत मनात होती. हे पुस्तक लिहिण्याचे तेही एक कारण.

पुस्तक कुणासाठी आहे? जीवशास्त्राची आवड असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी, घरात कर्करोगाचा रुग्ण असलेल्या कुटुंबासाठी, आणि रुग्णाला समजावून सांगताना शब्द शोधणाऱ्या डॉक्टरांसाठी. प्रकरणे क्रमाने वाचावीत, कारण तिसऱ्या भागातली वाईट बातमी पहिल्या भागातल्या न्यूटशिवाय नीट समजत नाही.

एका बाबतीत मात्र वाचकाने सावध राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूलपेशींच्या इंजेक्शनने गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सर्व काही बरे करू, अशा जाहिराती आपल्या शहरांत सर्रास दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मूलपेशी प्रत्यारोपण सोडले, तर असा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांमध्येच करता येतो. हा नियम कुणाची आशा मारण्यासाठी केलेला नाही. शरीरात सोडलेली पेशी कुठे स्थिरावेल, वाढ कधी थांबवेल, हे सांगता येईपर्यंत ती रुग्णाला टोचणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. म्हणून असा उपचार कुणी सुचवला, तर एकच प्रश्न विचारावा : ही पेशी काय होणार, आणि ती तिथेच थांबेल याचा पुरावा काय? त्याचे उत्तर काय असायला हवे, हे ओळखता येण्याइतकी तयारी या पुस्तकाने करून दिली, तर माझे श्रम कारणी लागले असे मी मानेन.